सिगारेट सोडल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हे उलटं कसं?

भांडुप_स्लो | १० ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलोय, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून सिगारेट. लोअर परळला नोकरी लागली तशी दिवसाला दहा-बारा. ऑफिसच्या मागच्या गल्लीत टपरी आहे. एक कटिंग म्हणजे एक सिगारेट असा हिशोब. काम अडलं की कटिंग वाढायची आणि ओघाने तीही. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे म्हणे. आमच्या टपरीला ते कुणी कळवलेलं नाही.

गेल्या वर्षी वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो. मुलगी पाच वर्षांची झाली, शर्टाचा वास तिला कळायला लागला म्हणून. एका मित्राने आणून दिला होता, आंब्याचा फ्लेवर. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी घरी आलो, तर तिने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि म्हणाली, "बाबा, आंबा एकट्यानेच खाल्लास?" डिसेंबरात आंबा. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. वेपही सोडायचा हे त्याच दिवशी ठरलं, सुटायला मात्र जून उजाडला.

तर जूनपासून दोन्ही बंद. शनिवारी मित्राकडे बसलो की एखादा गांजाचा जॉइंट फिरतो, तेवढा अपवाद. इथे माझं नाव कुणाला ठाऊक नाही म्हणून खरं लिहितोय.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात भांडुप स्टेशनबाहेर पेरू घेतला, चार फाका, तिखट-मीठ लावून. ब्रिज चढता चढता एक फाक चावली आणि हातातल्या उरलेल्या अर्ध्याकडे पाहिलं तर लाल. वाटलं तिखटच आहे. पण तिखट वरून भुरभुरलेलं होतं, हे बरोबर दातांच्या रेषेत उमटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनमध्ये फेस गुलाबी. तेव्हापासून रोज.

सोळा वर्षं फुंकली, एक थेंब आला नव्हता. मी तर मित्रांना सांगायचो, बघा, ओढतो पण दात ठणठणीत. आणि आता सगळं सोडल्यावर हे. ऑफिसातला जोडीदार म्हणतो, "शरीराला सवय झालेली असते, तू एकदम तोडलंस. दोन ओढ, थांबेल." खरं सांगतो, त्या दिवशी टपरीपर्यंत गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

हे सोडल्यामुळे होतंय का? की वेपने काही बिघडवलं? आपोआप थांबेल, की दवाखाना गाठावा?

फास्ट_लोकल | १० ऑगस्ट

सोळा वर्षांची सोबत तोडलीत राव, हिरड्यांनी रडू पण नये का?

(गंमत बाजूला. दाखवून घ्या.)

चिपळूणची_सून | १० ऑगस्ट

माझी आजेसासू मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरून ठेवायचा. सकाळी उठल्यावर बोटाने दातांना, हिरड्यांना. ऐंशी वर्षांची होऊन गेली, दात शाबूत. हिरड्यांतून रक्त यायला लागलं की आमच्याकडे हेच सांगतात. हिरड्या घट्ट होतात. थोडी लावून बघायला काय हरकत आहे?

दंतकथा | ११ ऑगस्ट

मुलुंडला माझा दवाखाना आहे, एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतेय.

आधी मिश्री, कारण वरचं वाचून कुणीतरी आज रात्रीच तवा तापवेल. मिश्री म्हणजे तंबाखूच. भाजल्याने तो औषध होत नाही. हिरडीला चोळला की निकोटिन आणि बाकीचा ऐवज सरळ आत. आणि 'हिरड्या घट्ट होतात' असं जे वाटतं ना, तीच या धाग्यातली खरी भानगड आहे.

भांडुप_स्लो, तुमचं रक्त सिगारेट सोडल्यामुळे सुरू झालेलं नाही. ते आधीपासून यायला हवं होतं, सिगारेट ते येऊ देत नव्हती. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दाताच्या कडेला किटण साचलंय, त्यात जंतू आहेत, आतून हिरडीची जळजळ चालू आहे, पण हिरडी लाल होत नाही, फुगत नाही, ब्रश लागला तरी रक्त नाही. फिकट आणि टणक दिसते. आरशात बघणाऱ्याला वाटतं वा, काय छान. खाली दाताला धरून ठेवणारं हाड मात्र झिजत असतं, आणि ओढणाऱ्यांमध्ये ते न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतं. प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर बंद होता म्हणून गाड्या वेळेवर धावत होत्या असं नाही.

सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीचा रक्तपुरवठा पूर्वपदावर यायला लागतो. मग ती चारचौघांच्या हिरडीसारखी वागते: घाण आहे तर रक्त येणार. तुमच्या मित्राचा सल्ला तेवढ्यापुरता 'बरोबर' आहे. परत ओढलीत तर रक्त खरंच कमी होईल, आणि त्याचा अर्थ वाईट असेल.

त्यामुळे आपोआप थांबायची वाट बघू नका. आणि दवाखान्यात जाऊन नुसतं "दात साफ करून द्या" म्हणू नका. हिरड्यांची मापं घ्यायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई असते, प्रोब म्हणतात. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवून खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चारपासून पुढे पॉकेट, आणि तिथे तुमचा ब्रश पोचत नाही. सोबत एक्स-रे, म्हणजे हाड किती उरलंय ते कळेल. तिथे सिगारेटचा आकडा खरा सांगा. हिरडीचा आजार किती वेगाने वाढेल याची प्रतवारी २०१७ मध्ये ठरली. आजार असेल आणि दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी असतील, तर माणूस सर्वात वेगवान गटात धरतात. तुम्ही दहा-बारा म्हणता आहात.

वेपबद्दल. धूर नाही, डांबर नाही, म्हणून डाग कमी पडतात, वासही पकडला जात नाही (तुमची मुलगी अपवाद). पण त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. तोंड कोरडं पडतं. ग्लिसरीन चिकट, वर गोड फ्लेवर. प्रयोगशाळेत अशी गोड वाफ दातावर सोडून बघितली, तर कीड लावणारे जंतू त्यावर जास्त चिकटले. शिवाय निकोटिन आहेच. आणि आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने वेप विकणं, आणणं, साठवणं सगळंच बंद असल्यामुळे जे हातात येतं त्याच्यावरच्या लेबलाला कुणी वाली नसतो. त्यात निकोटिन किती, हे तुम्ही कशावर ठरवणार?

शेवटी तुमचा शनिवार. एकच विचारते: तो जॉइंट कशात भरतात?

भांडुप_स्लो | ११ ऑगस्ट

मॅडम, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. सिगारेट मोकळी करून, अर्धा तंबाखू तोच.

म्हणजे जूनपासून शून्य असं मी जे सगळ्यांना सांगत फिरतोय ते...

दंतकथा | ११ ऑगस्ट

...शून्य नाही. पण दिवसाला बारा आणि आठवड्याला अर्धी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो तुमचाच पराक्रम. फक्त तीच अर्धी माणसाला परत टपरीवर नेते हे मी खूपदा पाहिलंय.

दादर_पंचविशी | १२ ऑगस्ट

दात काढल्यावर सिगारेट का ओढू नये याचं चालतं-बोलतं उदाहरण म्हणून माझी हकिकत नोंदवतो. वाचताना जबड्यावर हात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी खालची डावी अक्कलदाढ काढली. गुरुवारी. निघताना डॉक्टरांनी कागद दिला: किमान तीन दिवस सिगारेट नाही, स्ट्रॉ नाही, जोरात चूळ नाही, थुंकायचं नाही. कागद घडी घालून पाकिटात ठेवला. सिगारेटच्याच पाकिटात, आत्ता आठवून हसू येतं. शुक्रवारचा दिवस छान गेला. दुखत नव्हतं, सूजही बेताची. शनिवारी संध्याकाळी मी स्वतःला पटवलं की उजव्या बाजूने हळूच ओढली तर डाव्या खड्ड्याला काय कळणार आहे? दोन ओढल्या.

रविवारी रात्री अडीचला जाग आली. कळ जबड्यातून कानात आणि कानातून डोक्यात. तोंडाला नाल्यासारखी चव. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च धरून पाहिलं, तर खड्ड्यात काहीच नाही. आदल्या दिवशीपर्यंत तिथे काळपट लाल गोळा होता. तो गायब, आणि तळाशी काहीतरी पांढुरकं. ते माझं हाड होतं. पेनकिलर घेतली, ती जणू शेजाऱ्याने घेतली. पहाटे पावणेपाचला पहिली लोकल गेल्याचा आवाज आला तेव्हा मी पलंगावर बसून मोजत होतो, दवाखाना उघडायला किती तास.

डॉक्टर ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "किती?" म्हटलं दोन. खड्डा धुऊन त्यात लवंगतेलाची पट्टी भरली. दहा मिनिटांत कळ उतरली, मला खुर्चीतच झोप यायला लागली. पट्टी बदलायला आणखी तीनदा गेलो. त्या दिवसापासून मसालेभातातली लवंग मी ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

दंतकथा | १२ ऑगस्ट

ड्राय सॉकेट. तो काळपट लाल गोळा म्हणजे गोठलेलं रक्त, खड्ड्याचं झाकण. ओढताना तोंडात जी ओढ तयार होते तिने ते सुटू शकतं, आणि निकोटिनमुळे मुळातच रक्त कमी पोचत असल्याने नवं नीट धरत नाही. ओढ वेपलाही लागते आणि चिलमीला तर भरपूर. सिगारेट उजव्या बाजूला धरा की डाव्या, रक्तात मिसळलेल्या निकोटिनला बाजू नसते.

इम्प्लांट बसवून घेणाऱ्यांनीही हे वाचावं. एवढा खर्च करून स्क्रू हाडात बसवायचा आणि हाडाला जुळायला द्यायचं नाही, असं होतं. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं.

बम_भोले_वरळी | १३ ऑगस्ट

तंबाखूचं सगळं मान्य. पण गांजाला त्यात ओढू नका. नैसर्गिक वनस्पती आहे, शंकराचा प्रसाद आहे, कंपनीचं केमिकल नाही. मी तंबाखू न मिसळता ओढतो. दात उत्तम.

फास्ट_लोकल | १३ ऑगस्ट

शंकराने हलाहलही प्यायलं, तेही समुद्रातून निघालेलं, एकदम नैसर्गिक. पण घशाखाली उतरू दिलं नाही, हे पण लक्षात घ्या भोलेनाथ.

दंतकथा | १३ ऑगस्ट

'ओढतो पण दात उत्तम' हे वाक्य या धाग्यावर दुसऱ्यांदा आलं. पहिल्याचं काय झालं ते वर आहे.

जळणारं पान कुठलंही असो, धूर तो धूर. पण गांजाचं खरं दुखणं वेगळं आहे. त्यातला नशेचा घटक लाळग्रंथींवरच काम करतो, लाळ सुटायची कमी होते. ओढणाऱ्यांना हे माहीत असतं, जीभ टाळूला चिकटते. बहुतेकांना ती गंमत वाटते. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. आपण काही गोड-पिठूळ खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात, आणि ते आम्ल मारून दाताला कॅल्शियम परत पुरवायचं काम लाळ दिवसभर बिनपगारी करत असते. तीच संपावर गेली, आणि नेमकी त्याच तासाला भूक खवळते. रात्री दीड वाजता कुणी काकडी शोधत नाही. गोड बिस्किटं, चॉकलेट, थंड पेय, आणि ब्रश न करता झोप. अशा तोंडात कीड कुठे लागते? साधारणपणे ती दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांमध्ये लपते. इथे ती दातांच्या गळ्याशी दिसते, हिरडीलगत, गुळगुळीत जागी, जिथे एरवी सहसा लागत नाही. पंचविशीतल्या पोराचे चार-पाच दात असे गळ्याशी तपकिरी दिसले की मी खुर्ची सरळ करते, बरोबर आलेल्या आईला बाहेर बसायला सांगते आणि मग विचारते.

भांग पिणाऱ्यांनी सुटलो म्हणू नये. ओढा, खा की प्या, लाळ आटतेच. थंडाईत साखर असते ती वेगळी.

हिरड्यांचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या डुनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा तिथले संशोधक आजवर करत आलेत. ती ३२ वर्षांची झाल्यावर त्यांच्या हिरड्या मोजल्या. तंबाखूचा हिशोब वेगळा काढला, तरी ज्यांनी गांजा जास्त ओढला होता त्यांच्यात हिरडी दातापासून सुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. २००८ मध्ये ते छापून आलं. बत्तिशी म्हणजे म्हातारपण नव्हे.

आणि कृपा करून ओढून दवाखान्यात येऊ नका. भीती वाटते म्हणून येतात मुलं. गांजाने हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, आमच्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये अॅड्रिनलिन असतं, त्याने आणखी वाढतात. ओढला असेल तर सांगा, आपण दुसरा दिवस घेऊ. आम्ही डॉक्टर आहोत, पोलीस नाही.

चिपळूणची_सून | १४ ऑगस्ट

परवा मी आजेसासूबाईंचं लिहिलं होतं. काल सासूबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "शाबूत कसले? पुढचे सहा होते, तेच तुला फोटोत दिसतात. दाढा माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. भाकरी दुधात कुस्करून खायच्या." मी त्यांना कायम फोटोतच पाहिलंय, म्हणून मला तसं वाटायचं. मिश्रीचं मागे घेते.

भांडुप_स्लो | २९ ऑगस्ट

जाऊन आलो. आधी घराजवळच्या एका खाजगी ठिकाणी गेलो होतो. त्यांनी मापं न घेताच पॅकेज सांगितलं, आकडा ऐकून बाहेर आलो. मग इथल्याच एकाने व्यक्तिगत निरोपात सुचवलं म्हणून सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे. सुट्टी टाकून सकाळीच जा, रांग असते. केसपेपर काढला, एका विभागातून दुसऱ्यात, शेवटी हिरड्यांच्या विभागात एका शिकाऊ डॉक्टर मुलीकडे नंबर लागला. दुसरी मुलगी तक्ता घेऊन शेजारी.

पहिली प्रोब सरकवत बोलत जायची, दुसरी लिहायची. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." एका दाताची सहा मापं. माझे २९ दात, म्हणजे १७४ आकडे. तोंड उघडं, डोळ्यात दिवा, कानावर आकडे. सुरुवातीला मला कळेना की मोठा आकडा चांगला की वाईट. पाच आले, सहा आले, वाटलं स्कोअर वाढतोय. मग "टू-सिक्स, सहा, पाच, सात" असं आलं आणि लिहिणारीचं पेन थांबलं. तिने विचारलं, "सात?" पहिली म्हणाली, "सात." तेव्हा समजलं. टू-सिक्स म्हणजे वरची डावी मोठी दाढ. तिथलं हाड चांगलंच झिजलंय, एक्स-रेवर तिने पेन्सिलच्या टोकाने दाखवलं. कधी दुखली नाही, हलली नाही, ठणकली नाही.

"टाळू दाखवा" म्हणाली. तिथेही काही पांढरट कातडी आणि त्यात लाल ठिपके होते. उष्ण धुराने होतं, ठिपके म्हणजे सुजलेल्या लाळग्रंथींची तोंडं. सोडल्यावर बहुतेकदा जातं, दोन महिन्यांत पुसट झालेलं दिसतंय, पुढच्या वेळी परत बघू म्हणाली. मग जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, गालाची आतली बाजू, सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर तारखेची वाट न बघता यायचं, हे तिने मला दोनदा म्हणायला लावलं.

चार वेळा बोलावलंय, तोंडाचा एकेक चतुर्थांश बधिर करून हिरडीच्या आतून खरवडणार. पहिला झाला. दुखलं नाही, पण आवाज डोक्याच्या आत येतो, विळीवर नारळ खवल्यासारखा.

मॅडम, एक शंका. त्या बाजूच्या दातांमध्ये आता फटी दिसतायत. आई म्हणते, साफ करून दात विरळ केले.

दंतकथा | २९ ऑगस्ट

आईला माझा नमस्कार सांगा, तिचं म्हणणं मी रोज ऐकते. फटी आधीच होत्या, त्यात किटण भरलं होतं आणि वर सुजलेली हिरडी. आता दोन्ही गेलं. तिथून छोटा गोल ब्रश जातो, औषधाच्या दुकानात मिळतो, रात्री तो फिरवा. थंड लागलं तर काही आठवडे झणझणेल, त्यासाठी वेगळी पेस्ट त्या मुली सांगतील.

शनिवारचं काय?

भांडुप_स्लो | २९ ऑगस्ट

दोन शनिवार गेलोच नाही. मित्राला सांगितलं दाढेचं काम चालू आहे. खोटं नाही ते.

कळवा_कारशेड | ३० ऑगस्ट

मी अजून सोडणाऱ्यांच्या रांगेत आहे. निकोटिनचं च्युइंगम आणलं, दोन मिलिग्रॅमवालं. घसा जळतो, उचक्या येतात, आणि तलफ तशीच. फेकून द्यावं का?

दंतकथा | ३० ऑगस्ट

ते च्युइंगमसारखं चघळताय ना? तिथेच चुकतंय. हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडी यांच्यात ठेवून द्यायचं, झिणझिण्या ओसरल्या की परत चावायचं, जागा बदलायची. निकोटिन गालातून आत जायला हवं, पोटातून नाही. आणि चहा पीत पीत घेऊ नका. चहा-कॉफी आम्लधर्मी, तोंडात ते शोषलंच जात नाही, म्हणून पंधरा मिनिटं आधी काही प्यायचं नाही. कटिंगबरोबर घेतलंत तर पैसे पाण्यात. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, सोडण्यासाठी मोफत बोलता येतं. लोक त्या पाकिटावरचा फोटो झाकून ठेवतात, त्यात नंबरही झाकला जातो.

भांडुप_स्लो | १६ नोव्हेंबर

ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी. काल परत मापं घेतली, तीच मुलगी. रक्त येणाऱ्या जागा तेव्हा निम्म्याहून जास्त होत्या, आता मोजक्या. बहुतेक पाचांचे तीन झाले, एका सहाचा चार. टू-सिक्सचा सात होता तो सहावर अडलाय. तिथे पुढच्या महिन्यात हिरडी उघडून आत काम करायचं म्हणतायत. मुलगी म्हणाली, ओढत असता तर बाकीचे एवढे उतरले नसते.

पण लिहायचं कारण वेगळं. माझा ऑफिसातला तो जोडीदार, "दोन ओढ, थांबेल" वाला. तो सिगारेटनंतर वास मारायला गोड सुपारी खातो, दिवसाला सात-आठ पुड्या, बरीच वर्षं. शुक्रवारी आम्ही खाली पाणीपुरी खायला गेलो. त्याने पुरी तोंडाशी नेली, थांबला, परत द्रोणात ठेवली आणि चमच्याने फोडून खाल्ली. मी हसलो. तो म्हणाला, "हल्ली जात नाही रे अख्खी." वर सहज सांगतो की मिसळ खाल्ली तरी तोंड भाजतं, म्हणून तिखट कमी केलंय.

माझी तीन बोटं तोंडात उभी सहज जातात. त्याला करायला लावलं. दोनही नीट जाईनात.

दंतकथा | १६ नोव्हेंबर

त्याला उद्याच घेऊन जा. गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते, सुपारीने. तंबाखू नसलेल्या गोड सुपारीनेही होतं, लहान मुलांतही पाहिलंय. झालेला ताठरपणा पूर्ण मागे फिरत नाही, पण सुपारी आज थांबवली तर पुढे जायचा वेग मोडता येतो. व्यायाम असतात, गालात इंजेक्शनं असतात. आणि यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून एकदा दाखवून भागत नाही, नियमित तपासावं लागतं. वर सिगारेट चालू असेल तर धोका आणखी. घाबरवून नेऊ नका, पण न्या.

भांडुप_स्लो | १८ नोव्हेंबर

आज नेलं. नाही म्हणत होता, त्याला म्हटलं मला एकट्याला रांगेत कंटाळा येतो. आता बाकावर बसलोय, तो आत आहे. खिशातल्या चार पुड्या माझ्या हातात देऊन गेलाय, "आत नेऊ नको म्हणतील" म्हणून. कुठे टाकाव्यात कळत नाहीये, इथल्या डब्यावर तोंडाच्या कर्करोगाचं पोस्टर आहे.